पंचवीस कोटींचा मथळा, अडीच कोटींचं कलम: डेव्हिड बेकहॅमच्या संपत्तीचा हिशेब

११ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने स्पेनमधला रेयाल माद्रिद क्लब सोडून अमेरिकेतल्या एलए गॅलॅक्सी या क्लबकडे जायचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत एकच आकडा होता: पाच वर्षांचे २५ कोटी डॉलर. वर्षाला पाच कोटी, आठवड्याला जवळपास दहा लाख. इतका पगार फुटबॉलमध्ये तोवर कुणी ऐकला नव्हता. आणि तो पगार नव्हताच. अमेरिकेतल्या खेळाडू संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत त्याचं हमीचं वार्षिक मानधन ६५ लाख डॉलर होतं. पाच वर्षांचे मिळून सव्वातीन कोटी, म्हणजे मथळ्यातल्या रकमेच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीची रक्कम ही जाहिराती, जर्सीविक्रीतला वाटा आणि क्लबच्या वाढीव उत्पन्नातला हिस्सा असं सगळं धरून, सगळं मनासारखं घडलं तर काय होईल याचा अंदाज होता.

मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते याच करारातल्या दुसऱ्या एका आकड्यामुळे. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर बेकहॅमला मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, एक नवा संघ विकत घेण्याचा हक्क राहील, न्यूयॉर्क सोडून कुठेही, आणि किंमत असेल २.५ कोटी डॉलर, असं एक कलम त्यात होतं. मथळ्यातल्या रकमेच्या बरोबर एक दशांश. आज त्याच्या संपत्तीचे जे अंदाज छापले जातात, त्यांतली सर्वांत वेगाने वाढलेली गोष्ट या कलमातून आलेली आहे. खेळाडूची कमाई आणि खेळाडूची संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

तोपर्यंतचा प्रवास

मैदानावरचा बेकहॅम बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून इथे थोडक्यात. जन्म २ मे १९७५, लंडनच्या लेटनस्टोनमध्ये. वडील स्वयंपाकघरांची जोडणी करणारे कारागीर, आई केशकर्तनकार. १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये प्रशिक्षणार्थी, १९९६ च्या ऑगस्टमध्ये विम्बल्डनविरुद्ध अर्ध्या मैदानावरून मारलेला गोल, १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड आणि त्यानंतर देशभर सोसावा लागलेला तिरस्कार, १९९९ मध्ये एकाच हंगामातली तीन विजेतेपदं, २००१ मध्ये ग्रीसविरुद्धची ती शेवटच्या क्षणांतली फ्री किक. युनायटेडसोबत सहा वेळा प्रीमियर लीग. इंग्लंडसाठी ११५ सामने.

पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा यांत दिसत नाही. तो प्रतिमा हक्कांचा आहे. खेळाडूचं नाव, चेहरा, सही आणि पाठीवरचा क्रमांक यांचा व्यापारी वापर करण्याचा हक्क पगारापासून वेगळा काढायचा, त्याची वेगळी कंपनी करायची आणि क्लबला तो वापरायचा असेल तर त्याचे वेगळे पैसे घ्यायचे, ही पद्धत इंग्लंडमध्ये तेव्हा नवी होती. २००२ मध्ये युनायटेडशी झालेल्या नव्या करारात आठवड्याच्या पगाराखेरीज या हक्कांची वेगळी रक्कम ठरली. तोवर १९९९ मधल्या लग्नाचे फोटो एका मासिकाला दहा लाख पौंडांना विकले गेले होते. पत्नी व्हिक्टोरिया, स्पाइस गर्ल्स या पॉप गटातली गायिका, तेव्हा त्याच्याहून अधिक प्रसिद्ध होती, आणि मनोरंजनाच्या धंद्यात नावाचा हिशेब कसा मांडतात हे तिच्या आणि तिचे व्यवस्थापक सायमन फुलर यांच्यामुळे या घराला फुटबॉलच्या कितीतरी आधी कळलं होतं.

२००३ च्या उन्हाळ्यात रेयालने त्याला सुमारे ३.५ कोटी युरोंना घेतलं. पुढे २००५ मध्ये स्पेनने परदेशातून कामासाठी येणाऱ्यांना काही वर्षं २४ टक्के सपाट आयकर लावण्याची सोय केली. स्थानिक बड्या पगारदारांना तेव्हा कमाल दर ४५ टक्के होता. ही सोय केवळ फुटबॉलपटूंसाठी नव्हती, पण तिचा लाभ घेणाऱ्यांत तो आघाडीवर होता, आणि लोकांनी कायद्याला त्याचंच नाव दिलं. नव्या करारांपुरते व्यावसायिक खेळाडू त्यातून २०१५ मध्ये वगळले गेले, नाव मात्र टिकलं. संपत्तीचे अंदाज करणारे बहुतेक जण पगार बेरजेत धरतात आणि कर विसरतात. एकाच पगारातून एका देशात हातात पंचावन्न टक्के उरतात आणि दुसऱ्या सोयीने शहात्तर. पाच-सात वर्षांच्या कमाईवर एवढा फरक एखाद्या मोठ्या जाहिरात कराराइतका भरतो.

जानेवारी २००७: दोन्ही बाजूंची गरज

आता मूळ प्रसंगाकडे. बेकहॅम ३१ वर्षांचा होता. रेयालशी करार जूनमध्ये संपत होता. प्रशिक्षक फाबिओ कपेलो त्याला बाकावर बसवत होते. गॅलॅक्सीची घोषणा झाल्यावर तर तो रेयालसाठी पुन्हा खेळणार नाही असंच त्यांनी सांगितलं. महिन्याभरातच त्यांना तो निर्णय फिरवावा लागला, बेकहॅम संघात परतला आणि जूनमध्ये रेयालने ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकली. म्हणजे युरोपात त्याला मागणी उरली नव्हती असं नव्हे. एखाद्या मोठ्या युरोपीय क्लबकडून रोख पगार त्याला मिळाला असता. मात्र लीगमधला मालकी हक्क त्यांच्यापैकी कुणी देऊ शकला नसता.

एमएलएसकडे उलट परिस्थिती होती. रोख कमी, भविष्य मोठं. ही लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं तोट्यात चालली. जानेवारी २००२ मध्ये तिला फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले. त्यांतला एक होता मायामी फ्यूजन, जो शेजारच्या फोर्ट लॉडरडेलमधल्या लॉकहार्ट स्टेडियमवर खेळायचा. २००७ मध्ये लीगमध्ये १३ संघ होते आणि एका संपूर्ण संघाची पगारमर्यादा साधारण २० लाख डॉलर होती. बेकहॅमला सामावून घेण्यासाठी वेगळा नियम करावा लागला: प्रत्येक क्लबला एक खेळाडू मर्यादेबाहेर घेता येईल, त्याच्या पगारातले फक्त चार लाख डॉलर मर्यादेत मोजले जातील, वरचे क्लबच्या मालकाने आपल्या खिशातून द्यायचे. या नियमालाही लोकांनी त्याचंच नाव दिलं.

एमएलएसची रचनाही समजून घ्यायला हवी, नाहीतर कलमाचा अर्थ लागत नाही. युरोपात क्लब ही स्वतंत्र संस्था असते. मालक क्लब विकत घेतो, क्लब खाली घसरला की मालकाचा पैसाही घसरतो. अमेरिकेत लीग हीच एक कंपनी आहे. खेळाडूंचे करार लीगशी होतात, आणि संघाचा ‘मालक’ म्हणजे त्या कंपनीचा भागीदार, ज्याला एक संघ चालवण्याचा अधिकार मिळतो. खालच्या विभागात जाणं हा प्रकारच नाही. म्हणून नवा संघ विकत घेणं म्हणजे सगळ्या लीगच्या वाढीत वाटेकरी होणं.

आता किंमत पाहा. २००७ मध्ये लीगमध्ये दाखल झालेल्या टोरंटोने प्रवेश शुल्क म्हणून एक कोटी डॉलर भरले होते. म्हणजे बेकहॅमच्या कलमातले अडीच कोटी हे त्या दिवसाच्या भावाच्या अडीचपट होते! कलम स्वस्त वाटत नव्हतं, उलट महागच वाटत होतं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही याचं मला हेच कारण दिसतं. लीगला वाटलं असणार की आपण काहीच देत नाही आहोत, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही होतं.

कलमाची ताकद किमतीच्या आकड्यात नव्हती, ती गोठवण्यात होती. हक्क होता, बंधन नव्हतं. लीग बुडाली असती तर बेकहॅमने कलम वापरलंच नसतं आणि त्याचा एक पैसा गेला नसता. लीग वाढली तर फरक त्याचा. शिवाय ती लीग वाढवण्यासाठीच त्याला आणलं होतं. त्याच्या येण्याने जे मोल वाढणार, त्यातला वाटा त्याने आधीच जुन्या भावाने राखून ठेवला. पगारवाढ मागून हे साधलं नसतं, कारण पगार देणाऱ्याकडे आज पैसे असावे लागतात. या वाटाघाटींत त्याच्या बाजूने बसलेल्यांचं, विशेषतः फुलर यांचं, मला मनापासून कौतुक वाटतं. समोरच्याकडे काय नाही हे ओळखून, जे आहे ते त्यांनी मागितलं. गॅलॅक्सीची मालक असलेल्या एईजी या कंपनीशी ओळखही नवी नव्हती. २००५ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथे बेकहॅमच्या नावाच्या फुटबॉल अकादमी तिच्याच भागीदारीत उभ्या राहिल्या होत्या.

खेळाची सहा वर्षं

मैदानावर सुरुवात वाईट झाली. २१ जुलै २००७ रोजी चेल्सीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो दुखावलेल्या घोट्यासह शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरला. ज्या ड्रेसिंग रूममध्ये तो गेला, तिथे वर्षाला १३ हजार डॉलरांच्या आसपास मिळवणारे तरुण खेळाडूही होते, इतर नोकऱ्या करून घरभाडं भागवणारे. या दरीबद्दल लिहिताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं, कारण लीगच्या वाढीसाठी त्यांनीही तितकेच सामने खेळले आणि त्यांच्या करारात कुठलंच कलम नव्हतं.

२००९ मध्ये तो निम्मा हंगाम इटलीतल्या एसी मिलानकडे उसना गेला आणि परतल्यावर, मिलानविरुद्धच्याच मैत्रीपूर्ण सामन्यात, गॅलॅक्सीच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. तो त्यांच्याशी वाद घालायला कठड्यापर्यंत गेला, त्याबद्दल लीगने दंडही केला. मार्च २०१० मध्ये मिलानकडे दुसऱ्यांदा खेळताना टाचेचा स्नायुबंध तुटला आणि विश्वचषक हुकला. पण २०११ आणि २०१२ मध्ये गॅलॅक्सीने एमएलएस कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. २०१३ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनसोबत पाच महिने घालवून त्याने फ्रेंच लीगही जिंकली आणि निवृत्ती घेतली. चार देशांत लीग विजेतेपद. पॅरिसमधला पगार त्याने तिथल्या मुलांसाठीच्या संस्थेला दिला. तोवर त्याच्या हिशेबात पगाराची जागा किती लहान झाली होती हे त्यावरून कळतं.

तिकडे लीगचा भाव चढत होता. २००९ मध्ये आलेल्या सिअ‍ॅटलने तीन कोटी डॉलर भरले होते. पोर्टलंड आणि व्हँकुव्हरने प्रत्येकी साडेतीन कोटी, माँट्रियलने चार. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या संघासाठी दहा कोटी डॉलर ठरले. बेकहॅमचे अडीच कोटी तसेच होते.

कलम म्हणजे क्लब नव्हे

५ फेब्रुवारी २०१४ रोजी मायामीत त्याने हक्क बजावत असल्याचं जाहीर केलं. शहर तेच, जिथे बारा वर्षांपूर्वी लीगने आपला संघ बंद केला होता. संपत्तीच्या अंदाजांत या क्षणी लोक मोठी चूक करतात. हक्क वापरल्याबरोबर भावातला फरक आपल्या खात्यात आला असं ते धरतात. प्रत्यक्षात पुढची चार वर्षं हातात संघ नव्हता, मैदान नव्हतं आणि खेळाडूही नव्हते.

मैदानाच्या जागेनेच दमवलं. आधी बंदरातली जागा, मग बास्केटबॉलच्या रिंगणाशेजारची पाण्याकाठची, मग बेसबॉल स्टेडियमजवळची, मग ओव्हरटाउन वस्तीतली. कुठे राजकीय विरोध, कुठे जमिनीच्या मालकांशी न जुळणं, कुठे कोर्टकचेऱ्या. लीगने संघ अधिकृतपणे दिला तो २९ जानेवारी २०१८ रोजी. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानतळाजवळच्या महापालिकेच्या गोल्फ मैदानाच्या जागेबद्दल मतदान झालं आणि सुमारे ६० टक्के लोकांनी होकार दिला. तिथलं मैदान उभं राहीपर्यंत खेळायचं कुठे? फोर्ट लॉडरडेलमध्ये, लॉकहार्ट स्टेडियम पाडून त्याच जागी बांधलेल्या नव्या मैदानावर.

या काळात पैसा कुणाचा लागला हे महत्त्वाचं आहे. आधी उद्योजक मार्सेलो क्लाउरे आले, पुढे सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीचे मासायोशी सोन, आणि मायामीतलेच होर्हे व होसे मास हे भाऊ, ज्यांच्यामुळे प्रकल्पाला स्थानिक पाय मिळाले. प्रत्येक नवा भागीदार आला की आधीच्यांचा वाटा पातळ होतो. अडीच कोटींचा हक्क बेकहॅमचा होता, पण क्लब उभा करायला त्याच्या कितीतरी पट भांडवल लागलं. २०२१ मध्ये क्लाउरे आणि सोन यांचे हिस्से बेकहॅम आणि मास बंधूंनी घेतले, त्याच सुमारास एक गुंतवणूक कंपनीही आत आली. म्हणजे फुकटात मिळालेलं घबाड असं या क्लबला म्हणता येत नाही. बेकहॅमने त्यात पुन्हा स्वतःचा पैसा ओतला, तोही अशा वेळी जेव्हा क्लबचं नाव फारसं चांगलं नव्हतं. पहिला सामना १ मार्च २०२० रोजी झाला आणि हरला. दुसराही हरला, मग महासाथीने हंगामच थांबला. २०२१ मध्ये पगाराचे नियम मोडल्याबद्दल लीगने क्लबला २० लाख डॉलरांचा विक्रमी दंड केला.

मग जुलै २०२३ मध्ये लिओनेल मेस्सी आला. बेकहॅमचा हा क्लब, इंटर मायामी, तेव्हा गुणतक्त्यात तळाला होता. महिन्याभरात क्लबने लीग्ज कप ही एमएलएस आणि मेक्सिकोच्या क्लबांमधली स्पर्धा जिंकली. जर्सी आणि तिकिटं यांची मागणी कुठल्या कुठे गेली. फोर्ब्सच्या २०२५ च्या अंदाजानुसार क्लबचं मोल सुमारे १२० कोटी डॉलर होतं. त्याआधी २०२३ मध्ये सान डिएगोने नुसत्या प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं होतं, बेकहॅमच्या वीसपट. आणि मेस्सीच्या कराराबद्दल जे छापून आलं त्यात पगाराखेरीज काय होतं? लीगचे सामने दाखवणाऱ्या अ‍ॅपलच्या नव्या वर्गणीदारांच्या उत्पन्नात वाटा, आणि पुढे क्लबमध्ये हिस्सा घेण्याचा पर्याय. सोळा वर्षांपूर्वी वाटाघाटींच्या टेबलावर जी कल्पना मांडली गेली, तीच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बेकहॅमच्या क्लबला द्यावी लागली.

मग तो किती श्रीमंत आहे?

संडे टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या २०२५ च्या श्रीमंतांच्या यादीत बेकहॅम दांपत्याची संपत्ती ५० कोटी पौंड धरली होती. या आकड्यात काय आहे ते सुटं करून पाहिलं तर तीन ढीग दिसतात, आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

पहिला ढीग मिळालेल्या पैशांचा: पगार, बक्षिसं, जाहिरातींची मानधनं, त्यांतून कर आणि खर्च वजा जाऊन घरं व ठेवी अशा रूपात उरलेलं. हा सर्वांत खात्रीचा.

दुसरा ढीग नावाच्या धंद्याचा. त्याची कंपनी, डीबी व्हेंचर्स. २०१९ मध्ये फुलर यांचा हिस्सा त्याने विकत घेतला आणि २०२२ मध्ये तिचे ५५ टक्के ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप या, ब्रँडचे हक्क विकत घेणाऱ्या अमेरिकी कंपनीला दिले, त्याबरोबर तो त्या कंपनीचा भागधारकही झाला. म्हणजे इथली किंमत प्रत्यक्ष व्यवहारातून ठरली, हवेतून नाही. पण शेअरच्या रूपात आलेलं मोल रोख रकमेसारखं मोजता येत नाही.

तिसरा ढीग क्लबच्या हिश्श्याचा. १२० कोटींच्या अंदाजावर प्रत्येक दहा टक्के म्हणजे कागदावर १२ कोटी डॉलर. हा अंदाज मुख्यतः उत्पन्नाला एका गुणकाने गुणून काढतात, आणि मेस्सीच्या काळातलं उत्पन्न त्याच्या जाण्यानंतर तसंच राहील असं कुणीही सांगू शकत नाही. शिवाय मैदानाच्या प्रकल्पाचं कर्ज, अल्प हिस्सा विकताना द्यावी लागणारी सूट, विक्रीवरचा कर, हे सगळं त्या बारा कोटींतून जाईल. पहिल्या ढिगातला एक डॉलर आणि या ढिगातला एक डॉलर यांची बेरीज करणं मला पटत नाही. यादीत मात्र ते एकाच ओळीत बसतात, आणि पती-पत्नी दोघांचे मिळून आलेले आकडे बघता बघता एकट्या बेकहॅमच्या नावावर फिरू लागतात.

लीगचं नुकसान झालं का, हाही प्रश्न विचारला जातो. २०१४ मध्ये हाच संघ बाजारभावाने विकला असता तर निदान साडेसात कोटी डॉलर जास्त आले असते, न्यूयॉर्कचा भाव प्रमाण मानला तर. पण तो भाव तिथवर नेणाऱ्या कारणांत २००७ ची ती सही एक मोठं कारण होती. १३ संघांची लीग २०२५ मध्ये ३० संघांची झाली. माझ्या मते दोन्ही बाजूंना परवडलेला असा करार खेळात क्वचित होतो. तो जसाच्या तसा दुसऱ्या खेळाडूला मात्र मिळणं कठीण आहे, कारण त्यासाठी खेळाडूचं नाव लीगपेक्षा मोठं असावं लागतं आणि लीगला स्वतःच्या उद्याची किंमत नेमकी ठाऊक नसावी लागते. दुसरी अट आता उरलेली नाही.

६ डिसेंबर २०२५ रोजी इंटर मायामीने व्हँकुव्हरला ३-१ ने हरवून पहिल्यांदा एमएलएस कप जिंकला. सामना फोर्ट लॉडरडेलमध्येच झाला, ज्या जमिनीवरून २००२ मध्ये लीग आपलं सामान आवरून निघून गेली होती.